लांब पल्ल्याची मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसली. गाडीवर काहीतरी नवीन चढवले आणि त्यानंतर बिघडले ते भलतेच काहीतरी. बॉक्स लावले आणि हँडल डुलू लागले, दिवे लावले आणि बॅटरी बसली. म्हणून आकडे आणि मोजमापे या वेळी जरा जास्त दिली आहेत. जिथे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल, तिथे मॅन्युअलचाच धरावा.

प्रश्न : ६५० सीसीच्या गाडीला दोन साइड बॉक्स आणि एक टॉप बॉक्स लावला. सामान भरून ताशी १०० किमीच्या पुढे गेले की गाडी मागून डुलायला लागते. बॉक्स रिकामे असताना एवढे जाणवत नाही. दोन्ही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले, काही फरक नाही.

पडणारही नाही. बॅलन्सिंग बिघडले की हँडलला बारीक, जलद थरथर येते आणि ती ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होते. तुम्ही सांगता ते डुलणे संथ असते, सेकंदाला दोन-चार वेळा, आणि त्यात गाडी अख्खी हलते. त्याचे कारण चाकात नसून वजन कुठे ठेवले आहे यात असते.

टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्या मागे लटकतो. समजा तो एक्सलच्या ४० सेंमी मागे आहे, त्यात १५ किलो सामान आहे आणि दोन चाकांमधले अंतर १५० सेंमी आहे. अशा वेळी पुढच्या चाकावरचा भार ४ किलोने घटतो आणि मागच्यावर १५ नव्हे, १९ किलो चढतात. चार किलो किरकोळ वाटतील, पण खरी गडबड दुसरीकडे आहे. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून वजन जितके दूर, तितकी त्याची डुलवण्याची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. टाकीवरच्या बॅगेत ३० सेंमीवर ठेवलेली हत्यारे तुम्ही १२० सेंमीवरच्या टॉप बॉक्समध्ये टाकली, तर अंतर चौपट होते आणि परिणाम सोळापट. शिवाय ते वजन उंचावर असते आणि वारा त्याच बॉक्सवर आदळत असतो.

आधी हिशेब करा. गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये एकूण कमाल वजन दिलेले असते. त्यातून इंधन भरलेल्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती वहनक्षमता, आणि चालवणारा, मागे बसणारा, जॅकेट-हेल्मेट, बॉक्स, कॅरिअर हे सगळे तिच्यातच बसवायचे असते. ४०० किलोच्या मर्यादेत २१५ किलोची गाडी असेल तर १८५ उरतात. दोघे जण पूर्ण पोशाखात १४५ किलोंचे, बॉक्स आणि कॅरिअर १८ किलोंचे, म्हणजे सामानाला फक्त २२ किलो. हा आकडा बघून बरेच जण दचकतात. दचकायलाच हवे.

मग सामान पुन्हा लावा. हत्यारे, पाणी, कुलपे, सुटे भाग साइड बॉक्सच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, स्लीपिंग बॅग असे फुगीर पण हलके सामान, आणि ५ किलोपेक्षा जास्त नको. बॉक्सवर १० किलोपर्यंत चालेल असे छापलेले असले तरी आमचे मत हेच आहे. डावा आणि उजवा बॉक्स काट्यावर तोलून घ्या, फरक एक-दोन किलोंच्या आत ठेवा. मागच्या टायरची हवा गाडी थंड असताना पूर्ण भाराच्या आकड्यावर न्या. अनेक मोठ्या गाड्यांना तो ४२ पीएसआय असतो. कॅरिअरचे बोल्ट तपासा, कारण बॉक्स स्वतःच हलत असेल तर वरचे सगळे उपाय वाया.

एवढे करूनही डुलणे राहिले तर बेअरिंगकडे वळा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवे ढकला-ओढा. कट-कट जाणवली तर चाकाचे किंवा स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बेअरिंग गेलेले आहे. मग पुढचे चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. बरोबर मध्यावर ते अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या) वाट्यांना खळगे पडले आहेत आणि त्या बदलाव्याच लागतात, घट्ट करून भागत नाही.

चालवताना डुलणे सुरू झालेच तर हँडल आवळू नका आणि ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, छाती पुढे टाकीकडे न्या, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरला की ते आपोआप थांबते.

प्रश्न : मागे कोणी बसणार असेल तर मागचा शॉकअप कडक करा असे सगळे सांगतात. कडक म्हणजे नक्की किती?

अंदाजाने फिरवू नका, टेप घेऊन मोजा. मागचे चाक जमिनीपासून उचलून एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर घ्या. समजा ते ६०० मिमी आले. आता गाडी जमिनीवर ठेवून दोघांनी पोशाखासह, सामानासह बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर मोजायला सांगा. ५६० आले तर गाडी ४० मिमी बसते आहे. चाकाचा एकूण प्रवास १३० मिमी असेल तर त्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ३९-४० मिमी बसणे योग्य. जास्त बसत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा आणि पुन्हा मोजा.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडीची मागची बाजू वर येते. म्हणूनच एक दुसरी परीक्षा असते. दोघांसाठी बसणे ४० मिमीवर आणल्यावर सगळे उतरा आणि गाडी नुसती स्वतःच्या वजनाने किती बसते ते पाहा. ती अजिबात बसत नसेल, ताठ उभी राहत असेल, तर तुमच्या भाराला ती स्प्रिंग मऊ पडते. तिथे जास्त ताकदीची स्प्रिंगच घालावी लागते.

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा, स्क्रू असेल तर प्रीलोड वाढवल्यावर तोही एक-दोन क्लिक वाढवा. सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. पुन्हा झोका घेतला तर रिबाउंड कमी आहे. फार रेंगाळत वर आली तर जास्त आहे, आणि तसे असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांवर शॉकअप दबलेलाच राहतो. शेवटी हेडलाइट बघा. मागची बाजू बसली की झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. एकट्याची आणि दोघांची सेटिंग सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

प्रश्न : मोटारसायकलला गाडीचे, म्हणजे कारचे, चांगले सिंथेटिक ऑइल चालेल का?

क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल, आणि बहुतेक मोटारसायकलींचा असतोच, तर नको. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे क्लचच्या प्लेट घसरतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले हवे आणि ग्रेड मॅन्युअलमधलीच.

प्रश्न : दोन फॉग लाइट, गरम होणारे ग्रिप आणि मोबाइलचा चार्जर लावून घेतला. आता गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर ओढत नाही. मोठी बॅटरी टाकू का?

बॅटरीवर खर्च करण्याआधी दोन वेगळे प्रश्न वेगळे करा. गाडी चालू असताना वीज पुरते का, आणि गाडी बंद असताना वीज कुठे गळते का.

पहिल्याचा हिशेब असा. दोन दिवे ४० वॅट, ग्रिप ४० वॅट, चार्जर १८ वॅट, म्हणजे जवळपास १०० वॅट, १४ व्होल्टला सात अँपिअर. हे इंजिन, पंप, पंखा आणि मूळ दिव्यांच्या वर. अल्टरनेटरची ताकद छापलेली असते ती चढ्या फेऱ्यांना. इंजिन आयडलवर असताना ती बरीच कमी असते. त्यामुळे गर्दीत रेंगाळताना ग्रिप आणि फॉग लाइट दोन्ही चालू ठेवले तर फरक बॅटरी भरून काढते. मल्टिमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवेत, १२.४ च्या खाली गेले तर चार्ज करायला हवी. मग गाडी चालू करून, सगळे लावून, मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मोजा. १३.५ ते १४.५ आले तर पुरते आहे. १३ च्या खाली रेंगाळले तर भार जास्त आहे किंवा चार्जिंगमध्ये दोष आहे. सगळी उपकरणे बंद करून पुन्हा मोजले की दोन्हींतले कोणते ते लगेच कळते.

तुमचे लक्षण मात्र दुसऱ्या प्रकारचे आहे. किल्ली बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेवर जोडा. या स्थितीत किल्ली फिरवू नका, स्टार्टर तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज उडेल. मिनिटभराने आकडा वाचा. घड्याळ वगैरेंसाठी काही मिलिअँपिअर ठीक. ५० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, म्हणजे १० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात जवळजवळ रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी थकतो. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा खाली येईल ती वाट गळकी. बहुतेक वेळा सापडतो तो थेट बॅटरीला जोडलेला चार्जर. फोन लावलेला नसला तरी तो आतून थोडी वीज पीतच असतो.

इलाज म्हणजे रिले, किल्लीच्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला वायर न्या. ८७ मधून छोट्या फ्यूज बॉक्सला, तिथून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज. ८६ ला किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी वायर जोडा, उदाहरणार्थ टेललाइटची. ८५ निगेटिव्हला. मुख्य वायर २.५ चौरस मिमीची घ्या. फ्यूज बॅटरीपासून १५ सेंमीच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून चेसीला लागली तर तिला वाचवणारे काहीच नसते आणि आग तिथेच लागते. वायरला चावणारे झटपट जोड वापरू नका. ते आतल्या तारा तोडतात आणि पावसात गंजतात. क्रिंप करून वर हीट श्रिंक नळी चढवा. हँडलकडे जाणारी वायर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, ताणली जाता कामा नये. काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची.

नव्या गाड्यांत दिव्यांवर कॅन-बसची (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याची) देखरेख असेल तर मूळ वायर टोचू नका, डॅशबोर्डवर दोष दिसू लागतील. कंपनीने दिलेला अॅक्सेसरी सॉकेट असतो, ८६ ची वायर तिथून घ्या.

प्रश्न : चेन एका ठिकाणी घट्ट आणि चाक फिरवले की दुसऱ्या ठिकाणी सैल लागते. कुठे मापून अॅडजस्ट करू? आणि साफ किती दिवसांनी करायची?

नेहमी सर्वांत घट्ट जागी मापा. चाक थोडे थोडे फिरवून पाच-सहा ठिकाणी खालच्या बाजूची चेन मध्यावर वर-खाली करून पाहा आणि जिथे कमी हलते तिथे मॅन्युअलमधली ढील ठेवा. रस्त्यावरच्या गाड्यांना ती साधारण २५ ते ३५ मिमी, लांब शॉकअपच्या गाड्यांना ३५ ते ४५. ढील का हवी? पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त होते. सामान लादून खड्ड्यातून जाताना नेमके तेच होते. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग ओढते. जास्त सैल चेन वाजते आणि उडते, पण जास्त घट्ट चेन आतून मोडतोड करते. शंका असेल तर मर्यादेतल्या सैल बाजूला राहावे.

घट्ट-सैल फरक १० मिमीच्या वर गेला असेल तर चेन असमान झिजली आहे किंवा काही कड्या जाम झाल्या आहेत. साफ करून, ऑइल देऊन कड्या मोकळ्या झाल्या तर ठीक. नाहीतर मोजा. ५२० किंवा ५२५ चेनच्या दोन पिनांमधले अंतर १५.८७५ मिमी असते, म्हणजे चेन ताणून धरून २१ पिनांमधले, अर्थात वीस कड्यांचे, अंतर ३१७.५ मिमी यायला हवे. ३२०-३२१ च्या पुढे गेले तर बदला. दुसरी झटपट परीक्षा म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बाहेर ओढणे. अर्धा दात उघडा पडला तर तिचे दिवस भरले. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेले दात नव्या चेनला काही हजार किलोमीटरमध्ये आपल्यासारखे करून टाकतात.

साफसफाई ५०० ते ७०० किलोमीटरनी, आणि पावसातून आल्यावर त्याच दिवशी. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल नको, तारेचा ब्रश तर नकोच, कारण चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंगच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते आणि रिंग फाटली की ते पुन्हा भरता येत नाही. पुसून कोरडी करा, मग खालच्या बाजूच्या चेनला आतून ऑइल द्या. फिरताना ते बाहेरच्या बाजूला स्वतःच पसरते. हे काम प्रवास संपवून चेन कोमट असताना करावे, निघताना नाही, म्हणजे ऑइल रात्रभर मुरते आणि टायरवर उडत नाही.

आणि हे अतिशय गांभीर्याने सांगतो : इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचे. गिअर टाकून चाक फिरते ठेवून चेन पुसताना फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याबरोबर बोटे जातात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : मागे सहप्रवासी, पूर्ण सामान आणि लांब घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पुढचा ब्रेक लीव्हर मऊ पडला, जवळजवळ हँडलला लागला. थोड्या वेळाने पुन्हा ठीक. पॅड नवे आहेत.

ब्रेक ऑइल उकळले. ३५० किलोंची लादलेली गाडी ८०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. आठ लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी ही उष्णता. काही भाग वारा घेतो, इंजिन ब्रेकिंग वापरले तर इंजिन घेते, उरलेली सगळी डिस्क आणि कॅलिपरमध्ये.

डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि पाणी मुरलेल्या ऑइलचा मानकातला किमान उत्कलनबिंदू १५५ अंशांवर येतो. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लीव्हर रिकामा जातो. थंड झाल्यावर वाफ विरते म्हणून ठीक वाटते, पण ऑइल तसेच आहे आणि पुढच्या घाटात तेच होईल. पुढचा-मागचा दोन्हींचा ब्रेक ऑइल बदलून घ्या आणि दर दोन वर्षांनी बदलत राहा, गाडी कमी चालली असली तरी. सीलबंद नवा डबाच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ४ मध्ये मिसळायचे नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, इतका की सरळ उतारावर ब्रेकशिवाय वेग फारसा वाढू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक स्पष्ट, थोडा वेळ दाबा आणि पूर्ण सोडा. सतत हलका दाबून ठेवलेला ब्रेक थंड व्हायला उसंत मिळत नाही. लीव्हर मऊ पडलाच तर तो दोन-तीनदा पंप करा, गिअर उतरवा, सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास थांबूनच राहा. लीव्हर टणक आहे पण गाडी थांबत नाही, असे झाले तर तो वेगळा दोष, पॅड तापून त्यांची पकड गेली आहे.

प्रश्न : टायर सात वर्षांचे, पण नक्षी भरपूर शिल्लक. बदलावेत का?

लांबच्या प्रवासाआधी, हो. बाजूवर डॉटच्या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे बघा; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते, नक्षी कितीही खोल असो. नवे घेताना भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) तोच किंवा वरचा घ्या. ७३ म्हणजे ३६५ किलो, ५८ म्हणजे २३६. ट्यूबलेसमध्ये वाटेत दोरी भरून काढलेले पंक्चर फक्त जमिनीला लागणाऱ्या पट्ट्यात आणि ६ मिमीपर्यंतच्या छिद्राला चालते, तेही वेग कमी ठेवून पुढच्या दुकानापर्यंत. बाजूच्या भिंतीत छिद्र असेल तर टायर बाद.

प्रश्न : दिवसभर चालवल्यावर कानात शिट्टी वाजत राहते. उंच विंडस्क्रीन लावली तर थांबेल का?

कदाचित वाढेलही. स्क्रीनच्या काठावरून सुटलेला गढूळ वारा हेल्मेटच्या खालच्या कडेवर आदळतो तेव्हा सर्वांत जास्त आवाज होतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगात मान थोडी खाली घ्या, मग पाठ ताठ करून वर या. कुठे घुमणे थांबते ते पाहा, स्क्रीन किती वर-खाली हवी त्याचा अंदाज तिथेच येतो. काठ नजरेच्या रेषेपेक्षा ५ सेंमी तरी खाली असू द्या, पावसात आणि रात्री स्क्रीनमधून नाही, तिच्यावरून बघता आले पाहिजे.

पण स्क्रीन काही करा, कानात फोमचे बोळे घाला. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची प्रचलित मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. ताशी १०० किमीला हेल्मेटच्या आत आवाज ९० सहज ओलांडतो. शिट्टी ऐकू येते म्हणजे कानाला इजा होऊ लागली आहे आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत सरकवून फुगेपर्यंत धरा. हॉर्न ऐकू येतो, वाऱ्याचा गोंगाट उतरल्याने उलट स्पष्ट येतो. मात्र काही ठिकाणी कान बंद करण्यावर कायद्याचे बंधन आहे, ते बघून घ्या.

प्रश्न : गटाने जाताना दोन गाड्यांत किती अंतर?

एकाच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद, तिरक्या रांगेत शेजारच्या रेषेतल्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद. वळणांत तिरकी रांग मोडून एकामागे एक, आणि पावसात किंवा सहप्रवासी असताना सगळेच दुप्पट. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला आणि मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी ५५ मीटर, एकूण ८३. ओल्या रस्त्यावर शंभराच्या वर. ताशी ८० ला तीच कोरडी बेरीज ५७ मीटर येते. गटातला सर्वांत नवखा चालक आघाडीच्या गाडीच्या लगेच मागे ठेवा आणि वेग त्याच्या सोयीने ठरवा. शेपटीला ठेवला तर अंतर भरून काढायला तो कुवतीबाहेर पळवतो.